पहाटेचे पाणी आणि यवतेश्वरचा घाट

आमच्या पेठेत नळाला पाणी पहाटे सव्वापाच ते सहाच्या दरम्यान केव्हातरी येते आणि तासाभरात जाते. साताऱ्याच्या या जुन्या भागाला कासच्या तलावाचे पाणी मिळते. ते पठारावरून उताराने, आपल्या वजनाने, यवतेश्वराच्या बाजूने खाली शहरात उतरते, आणि याचा सातारकरांना अभिमान आहे. मात्र आमच्या दारापर्यंत पोहोचेतो त्या पाण्याचा जोर संपलेला असतो, त्यामुळे ते अंगणातल्या हौदात साठवून तिथून एक अश्वशक्तीच्या मोटारीने गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवावे लागते. लग्न होऊन या घरात आल्यापासून, म्हणजे सोळा वर्षे, ही मोटार चालू आणि बंद करण्याचे काम माझ्याकडे होते. ते माझ्याकडे कोणी सोपवल्याचे मला आठवत नाही. माझ्याआधी सासूबाई करत होत्या, मग मी करू लागले, एवढेच.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी मला चालायला सांगितले. मी चालू लागले आणि चालताचालता विजेच्या दोन खांबांमधले अंतर पळून पाहू लागले. खांबांची संख्या वाढत गेली आणि वर्षभराने मी न थांबता पाच किलोमीटर धावत होते. साताऱ्यात पाच किलोमीटर धावणाऱ्या माणसाला लवकरच कोणीतरी विचारतेच, "मग यंदा हिल मॅरेथॉनला नाव देणार ना?" २०१२ पासून भरणारी ही अर्धमॅरेथॉन एकवीस किलोमीटर आणि वर शंभर मीटर एवढी असते, शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने खाली यायचे. हा घाट आमच्या गच्चीवरून दिसतो. कपडे वाळत घालताना मी त्याच्याकडे रोज पाहत होते, पण त्याच्यावरून पायी वर जावे असे तोवर कधी मनात आले नव्हते.

मन झाले तरी वेळ कुठून आणायची, हा प्रश्न होता. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि माझा पहिला तास आठला असतो. थोरल्याची शाळेची गाडी सातला येते. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीत काम करतो आणि त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिली पाळी असली की तो सव्वासहाला डबा घेऊन बाहेर पडतो, दुसरी असली की रात्री साडेबाराला घरी येऊन सकाळी आठपर्यंत झोपतो आणि तिसरी असली की पहाटे घरात नसतोच. या सगळ्यातून धावण्यासाठी उरणारी फट पहाटे पाच ते सव्वासहा एवढीच होती, आणि नेमकी त्याच फटीत पाणी येत होते. सासूबाई साडेचारलाच उठतात, हे खरे. पण त्यांचे गुडघे दुखतात, आणि त्यांनी पंचवीस वर्षे केलेले काम माझ्या पळण्याच्या हौसेसाठी पुन्हा त्यांच्या गळ्यात घालणे मला प्रशस्त वाटेना. त्यांना तसे विचारले मात्र नाही. ही चूक पुढे बरीच महाग पडली.

मी ठरवले की यंत्र बनवायचे. लहानसहान उपकरणे जुळवण्याचा नाद मला धावण्यापेक्षा कितीतरी आधीपासून आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवून मी घरातले सगळे फोटो एका जागी आणले होते, आणि एकदा इडलीच्या पिठाचे तापमान रात्रभर नोंदवणारा खटाटोपही केला होता, ज्याचा उपयोग शून्य होता आणि आनंद पुष्कळ. त्यामुळे हौदात पाणी आले की ओळखायचे, पुरेसे साठले की मोटार लावायची, वरची टाकी भरली की बंद करायची, एवढे काम मला दोन रविवारांचे वाटले. घराचे वायरिंग बघणाऱ्या वायरमनला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ताई, चार-पाचशे रुपयांचा फ्लोट मिळतो. तो टांगा टाकीत, झालं काम." त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. फ्लोट म्हणजे पाण्यावर तरंगणारा बटणाचा गोळा. पाणी वर आले की तो वर येतो आणि मोटारीचा पुरवठा तोडतो. मी त्याला सांगितले की मला टाकीत किती लिटर पाणी आहे तेही कळायला हवे. वास्तविक हजार लिटरच्या टाकीत किती लिटर पाणी आहे हे कळून आमच्या घरात कोणाचेही काहीही अडत नव्हते.

पुण्याला गेले तेव्हा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सामान आणले: ईएसपी-३२ नावाचा, वाय-फाय असलेला, बिस्किटाएवढा नियंत्रक, दोन रिले, म्हणजे नियंत्रकाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारे विजेचे खटके, आणि ध्वनीने अंतर मोजणारे सेन्सर. दुकानदाराने मुलाच्या प्रकल्पासाठी का, असे विचारले. मी माझ्याच प्रकल्पासाठी म्हटल्यावर त्याने रिलेबरोबर एक फ्यूज फुकट दिला. या सेन्सरला दोन डोळ्यांसारख्या धातूच्या जाळ्या असतात. एका डोळ्यातून कानाला ऐकू न येणारा ध्वनी निघतो, पाण्यावर आपटून परत येतो आणि दुसऱ्या डोळ्यात शिरतो. जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघते. टेबलावर तो उत्तम चालला. टाकीच्या झाकणाखाली लावल्यावर तीन आठवड्यांनी त्याने टाकीत वजा चाळीस लिटर पाणी असल्याचे कळवले. उघडून पाहिले तर दोन्ही डोळ्यांवर वाफेचे थेंब साचून जाळ्या गंजल्या होत्या. मग मोटारगाड्यांच्या मागच्या बंपरला असतो तसा, एकाच डोळ्याचा आणि पाण्याला न जुमानणारा सेन्सर मागवला.

मोटारीकडची बाजूही सोपी नव्हती. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट जास्त प्रवाह ओढते, व्होल्टेज दबते, आणि त्याच धक्क्याने माझा नियंत्रक दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. सुरू झाला की मोटार बंद, बंद झाली की पुन्हा मोटार चालू, असा त्याचा आणि मोटारीचा लपंडाव चाले. २३० व्होल्टच्या बाजूला मी स्वतः हात लावायचा नाही, ही अट मी पहिल्या दिवसापासून पाळली होती, त्यामुळे वायरमनलाच बोलावले. त्याने मोटारीचा प्रवाह पेलणारा जाडजूड खटका, म्हणजे कॉन्टॅक्टर, बसवला, नियंत्रकाला वेगळा पुरवठा दिला, आणि मी नको म्हणत असतानाही जिन्याखाली एक फिरवायचा खटका लावला: एका बाजूला 'ऑटो', दुसऱ्या बाजूला 'हाताने'. "तुमचं मशीन कधी झोपलं तर घरच्यांनी काय करायचं?" असे तो म्हणाला. मला त्या वेळी ते थोडे लागलेच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी यंत्राच्या भरवशावर पहिल्यांदा पहाटे पाचला घराबाहेर पडले. समर्थ मंदिर मागे टाकल्यावर चढ सुरू होतो आणि घाटातल्या वळणांवर शहराचे दिवे खाली खाली जात राहतात. चढावर माझा वेग इतका कमी होतो की शेजारून दुधाचे कॅन घेऊन चाललेला सायकलस्वार मला गाठतो, काही वेळ बरोबर चालतो आणि मग संकोचाने पुढे जातो. त्या दिवशी रस्त्यावर पाण्याचा एक आवाज आला, बहुधा कुठल्याशा गळतीचा, आणि मनात आले की आपण वर चढतो आहोत आणि हेच पाणी खाली आपल्या हौदाकडे चालले आहे. मोठी छान वाटली ती कल्पना. तिसऱ्या वळणावर फोन वाजला.

शेजारच्या काकूंचा फोन होता. आमची टाकी भरून वाहत होती, गच्चीच्या पन्हाळीतून पाणी थेट त्यांच्या सज्जात पडत होते, आणि सज्जात बाजेवर पातळ धोतराखाली आदल्या दिवशीच्या गव्हाच्या कुरडया दुसऱ्या उन्हाची वाट पाहत होत्या. कुरडया करणाऱ्यालाच त्याचा अर्थ कळेल: तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो हाताला बाक येईस्तोवर हाटायचा आणि मग गरमगरम सोऱ्यातून घालायचा. मी धावत उतरले. उतारावर इतक्या वेगाने मी त्याआधी कधी धावले नव्हते. घरी पोहोचले तेव्हा सासूबाईंनी खटका 'हाताने'कडे फिरवून मोटार बंद केलेली होती आणि त्या काकूंच्या सज्जात बसून भिजलेल्या कुरडया निवडत होत्या.

कारण संध्याकाळी सापडले. नव्या सेन्सरला स्वतःच्या तोंडापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतले काही दिसत नाही. स्वतःच पाठवलेल्या ध्वनीची थरथर शमेपर्यंत त्याला परत आलेला ध्वनी ऐकू येत नाही, आणि मग तो दोनतीनदा आपटून उशिरा आलेल्या प्रतिध्वनीलाच खरा मानतो. टाकी काठोकाठ आली की त्याच्या मते ती अर्धी रिकामी होत होती, आणि तो प्रामाणिकपणे मोटार चालू ठेवत होता. ही गोष्ट त्याच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर लिहिलेली होती. मी सेन्सर झाकणावर प्लास्टिकच्या नळीचा तुकडा लावून वर उचलला, वायरमनचा फ्लोटही गुपचूप आणून शेवटचा पहारेकरी म्हणून टांगला, आणि पुढचा रविवार काकूंकडे गव्हाचा चीक हाटण्यात घालवला. त्या रविवारी धावणे झाले नाही. हात मात्र चार दिवस दुखले.

तोवर घरातले वातावरण थोडे तापले होते. नवऱ्याची तक्रार रास्त होती: मी पहाटे धावायला जाते याबद्दल त्याचे काही म्हणणे नव्हते, पण रात्री जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगच्या धुराचा वास असतो, धाकटी गृहपाठाची वही घेऊन शेजारी उभी असते आणि मी "एकच मिनिट" म्हणत अर्धा तास घालवते, हे त्याला पटत नव्हते. एके रात्री दुसऱ्या पाळीहून तो साडेबाराला आला तेव्हा मी अजून स्क्रीनसमोर होते. तो म्हणाला, "तू घाटात जातेस तेव्हा मला कळतं की तू साडेसहाला परत येणार. इथे बसलीस की कधी येणार, ते कळत नाही." घरातल्या माणसाने मला याहून नेमके काही सांगितल्याचे आठवत नाही. धावण्याला अंतर असते. दहा किलोमीटर झाले की झाले. अकरावा धावायची इच्छा असली तरी पाय नको म्हणतात. कोडमधली चूक सापडली की तिच्या मागे दुसरी दिसते, आणि शरीर खुर्चीत बसलेले असल्यामुळे नको म्हणायला कोणी नसते.

हे समजूनही मी लगेच वागले मात्र नाही. मे महिन्यात नवेच कोडे पडले. टाकीतले पाणी दुपारी आपोआप वाढू लागले. सकाळी नऊला सहाशे लिटर असलेले पाणी, कोणी मोटार न लावता, दुपारी दोनला सहाशे वीस होई आणि रात्री पुन्हा उतरे. थोरला तेव्हा नववीची परीक्षा देऊन रिकामा होता; तो उन्हात तीनदा गच्चीवर जाऊन पट्टीने मोजून आला आणि म्हणाला की पाणी जिथल्या तिथे आहे, तुझे मशीन थापा मारते आहे. मी त्याला अकरावीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला दिला. ध्वनीचा हवेतला वेग वीस अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि तापमान एका अंशाने वाढले की तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. काळ्या टाकीतली हवा मे महिन्यात दुपारी चाळीस अंशांवर जाते. तिथे वेग ३५५ होतो, ध्वनी लवकर परततो, आणि मी कोडात ३४३च लिहिलेले असल्यामुळे पाणी जवळ आल्याचा भास होतो. ऐंशी सेंटिमीटरच्या अंतरात पावणेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि आमच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास आठ लिटर. थोरल्याने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, उत्तर बावीसच्या आसपास आले, आणि तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला की ती नजर मला वर्गातल्या शंभर मुलांकडून वर्षात एकदा मिळते. आम्ही टाकीत तापमापक सोडला आणि सूत्र दुरुस्त केले. ती दुरुस्ती त्याने लिहिली. माझ्या कोडातल्या दोन चुकाही त्याने वर काढल्या.

जूनच्या अखेरीस पावसाला सुरुवात झाली आणि मी शनिवारी रात्री पुन्हा दीडपर्यंत बसले. कारण इतके क्षुल्लक होते की सांगायला लाज वाटते: फोनवर दिसणाऱ्या आलेखातली टाकी निळ्या रंगाने खालून वर भरताना दिसावी, अशी माझी इच्छा होती. रविवारी पावणेपाचला उठले आणि चौदा किलोमीटरसाठी निघाले. घाटात धुके होते, कठड्यावर माकडे अंग आखडून बसली होती आणि डोंगराकडच्या बाजूला रात्रीत आलेले दगड रस्त्यावर पडले होते. चढ बरा गेला. उतरताना डोळ्यांवर झोप होती. असाच एक दगड मला उशिरा दिसला, पाय मुरगळला आणि मी ओल्या डांबरावर बसले. उतारावर मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला रोखत असतात, त्यामुळे चढापेक्षा उतारच पायांची जास्त परीक्षा घेतो, हे मी विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून सांगत आले आहे. नवरा दुचाकीवरून घ्यायला आला. तो वाटेत काहीच बोलला नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते.

तीन आठवडे धावणे बंद झाले. एरवी त्या वेळी मी रस्त्यावर असे, त्यामुळे आपल्याच घराची पहाट कशी असते हे मला बऱ्याच काळाने दिसले. सासूबाई साडेचारला उठतात, देवापाशी बसतात, आणि पाचच्या सुमारास मागच्या दाराची कडी काढून ठेवतात. पाणी येण्यापूर्वी नळातून हवा निघते, तो फुसकारा सुरू झाला की त्या तिथूनच म्हणतात, "आलं." माझा हौदातला सेन्सर पाणी आल्याचे त्यानंतर चारपाच मिनिटांनी सांगे. पुढे तर मी चकितच झाले. त्या पिण्याच्या पाण्याचे स्टीलचे पिंप नळाखाली लावतात आणि पाठ फिरवून चहाचे आधण ठेवतात. पिंप भरत आले की न पाहता मागे हात करून नळ बंद करतात. पाणी काठापासून चार बोटे खाली असते. रोज चार बोटेच.

"आई, कसं कळतं तुम्हाला?" मी विचारले.

"आवाज चढतो की त्याचा," त्या म्हणाल्या. "रिकामं असताना ढबढब करतं, मग बारीक बारीक होत जातं."

बारावीच्या प्रात्यक्षिकात आम्ही अनुनाद नलिकेचा प्रयोग घेतो. पाण्याने भरलेल्या नळीत हवेचा स्तंभ लहानमोठा करायचा, कंपन पावणारा नादकाटा वर धरायचा, आवाज घुमतो ती लांबी मोजायची आणि तिच्यावरून ध्वनीचा वेग काढायचा. स्तंभ जितका आखूड तितका स्वर उंच. तीस सेंटिमीटरच्या स्तंभाचा स्वर सेकंदाला २८६ कंपनांच्या आसपास असला तर दहा सेंटिमीटरचा त्याच्या तिप्पट. हा प्रयोग मी सतरा वर्षे घेत आले आहे आणि माझ्या स्वयंपाकघरात तो रोज पहाटे, पाठमोरा, माझ्याहून जास्त अचूकपणे होत होता. पहिला विचार मनात आला तो मायक्रोफोनचा: पिंपाजवळ एक मायक्रोफोन ठेवायचा, स्वराची उंची मोजायची, आणि... मी नवऱ्याकडे पाहिले. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि "नाही," एवढेच म्हटले. मी अजून काही बोललेही नव्हते.

मग मी सासूबाईंना जे वर्षभरापूर्वी विचारायला हवे होते ते विचारले: मी पहाटे बाहेर असताना पाण्याकडे तुम्ही बघाल का? गुडघ्यांचे काय, जिन्यापर्यंत जावे लागेल. त्यांचे उत्तर असे होते की मी तर रोज बघतेच आहे, तुझ्या यंत्राच्या डब्याचा दिवा लागला की नाही ते बघायला जिन्याखाली जातेच, फक्त मला खटक्याला हात लावायची चोरी झाली आहे. हे काम हातातून गेल्याचे त्यांना वाईट वाटले होते. मला वाटत होते की मी त्यांना त्रासातून वाचवते आहे.

जुलैत आम्ही सगळ्यांनी बसून फ्रिजवर एक कागद लावला. त्यावर आठवड्याचे दिवस नाहीत, नवऱ्याच्या पाळ्या आहेत, कारण आमचे घर वारांवर चालत नाही, पाळीवर चालते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मी पहाटे धावत नाही. संध्याकाळी धाकटीला घेऊन मैदानावर जाते, ती तिच्या मैत्रिणींबरोबर खेळते आणि मी भोवती फेऱ्या मारते. मैदानावर चढ नसतो, पण तिला दर फेरीला टाळी द्यावी लागते आणि त्यामुळे वेग आपोआप सांभाळला जातो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीत मंगळवार आणि गुरुवार पहाटे घाट, रविवारी लांब पल्ला. कासची फुले सुरू झाली की रविवारी आठनंतर घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, म्हणून साडेसातच्या आत खाली यायचे. उपकरणांचा पसारा शनिवारी दुपारी दोन ते पाच, आणि पाचला चहा होण्यापूर्वी टेबल पुसून मोकळे. रात्री दहानंतर कोडाला हात लावायचा नाही, हा नियम धाकटीने लाल स्केचपेनने लिहिला आहे आणि तिनेच तो दोनदा मोडताना मला पकडले आहे. पाण्याच्या रकान्यात पाच नावे आहेत. नवऱ्याचे नाव तिसऱ्या पाळीत रिकामे असते. थोरल्याचे फक्त रविवारी असते, आणि रविवारी पहाटे दहावीतल्या मुलाला उठवणे हे घाट चढण्याहून अवघड आहे असे सासूबाईंचे मत आहे.

तीन तासांत फार काही होत नाही, ही माझी सुरुवातीची कुरकुर होती. पण आता आठवडाभर मी मनात ठरवत राहते की शनिवारी नेमके काय करायचे, आणि बऱ्याच गोष्टी तोवर आपोआप गळून पडतात. निळी टाकी गळाली. एकच जास्तीचे काम मी केले ते घड्याळाच्या नोंदींचे. माझे घड्याळ धावताना दर सेकंदाला एक ठिकाण आणि उंची नोंदवते. तीन तासांच्या धावण्याच्या दहा हजारांहून अधिक नोंदी होतात. जाऊन त्याच वाटेने परत यायचे असेल तर एकूण चढ आणि एकूण उतार सारखाच भरायला हवा, आणि तसा तो भरतही होता, पण मी पायथन या संगणकभाषेत बेरीज केली तेव्हा दोन्ही आकडे प्रत्यक्षाहून फुगलेले होते. उपग्रहांवरून काढलेली उंची जागच्या जागी मीटर-दोन मीटर हलत असते, आणि प्रत्येक थरथरीला माझी बेरीज चढ समजत होती. तीस सेकंदांची सरासरी घेतल्यावर आकडे जागेवर आले आणि माझा घाट एकदम बुटका झाला. थोरला म्हणाला, "आई, एवढे दिवस तू न चढलेला डोंगर चढत होतीस."

सप्टेंबरात शर्यतीच्या दिवशी नवऱ्याची तिसरी पाळी संपायची होती. तो कारखान्यातून थेट घाटाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला, डोळे तांबारलेले, हातात कालची शिळी पोळी आणि गूळ. पाऊस भुरभुरत होता. चढावर मी ठरवल्याप्रमाणे दर वळणाला पन्नास पावले चालले आणि मग धावले. उतारावर पावले आखूड ठेवली आणि रस्त्याच्या मधूनच उतरले. कुठल्याशा वाद्यवृंदाचे ढोल पहिल्या वळणाला ऐकू येत होते ते परतताना पुन्हा ऐकू आले तेव्हा कळले की आता खाली आलो. दोन तास त्रेपन्न मिनिटे लागली. फोन मी घरीच ठेवला होता.

घरी आले तेव्हा मांड्या अशा भरून आल्या होत्या की जिन्याची पहिली पायरीही उलटे वळून, कठड्याला धरून चढावी लागली. फोन उघडला. सहा वाजून पाच मिनिटांनी आलेख तुटलेला होता. यंत्र झोपले होते आणि सात वाजेपर्यंत त्याच्या नोंदीत काहीच नव्हते. गच्चीवरची टाकी मात्र भरलेली होती. जिन्याखाली खटका 'हाताने'कडे फिरवलेला होता, आणि त्याच्या शेजारी भिंतीवर खडूने लिहिले होते: चालू ६.१०, बंद ६.४०. अक्षर सासूबाईंचे होते, सहाचा आकडा मोडीसारखा वळवलेला.

"वर जाऊन पाहिलंत की काय?" मी विचारले.

"कशाला? आवाज येतो की खाली, टाकीचा," त्या म्हणाल्या. "जा, पाय गरम पाण्यात घाल आधी."

मी पाय बादलीत सोडून बसले तेव्हा धाकटी माझा लॅपटॉप घेऊन शेजारी आली. नोंदवहीतली ती रिकामी ओळ भरली नाही तर महिन्याचा हिशेब चुकेल, असे तिला दादाने सांगितले होते. तिने दोन वेळा भिंतीकडे जाऊन आकडे पाहून घेतले आणि एका बोटाने टंकले. मोटार कोणी लावली या रकान्यात यंत्र नेहमी 'स्वयंचलित' असे लिहिते. तो शब्द तिने खोडला आणि तिथे 'आजी' लिहिले.